पित्ताशयातले खडे, कावीळ आणि पित्तनलिका : बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या घरांसाठी मार्गदर्शन

गावच्या यात्रेचं मटणाचं जेवण झालं की रात्री घरात कुणाच्या तरी पोटात दुखायला लागतं. पित्त झालंय म्हणून सोडा, जिरं, ओवा दिला जातो. सकाळी गावातल्या डॉक्टरांकडे एक इंजेक्शन होतं, दुखणं थांबतं आणि विषय मिटतो. महिन्या-दोन महिन्यांनी लग्नाच्या पंगतीनंतर पुन्हा तेच. असं कैक वर्षं चालतं. मग एके दिवशी थंडी वाजून ताप येतो, डोळे पिवळे दिसतात आणि गाडी कुठली करायची, बेळगावला न्यायचं की कोल्हापूरला, यावर घरात वाद सुरू होतो.

या लेखात एक गोष्ट मला नीट पोचवायची आहे. पित्ताशयात बसलेला खडा बहुतेक वेळा विचार करायला वेळ देतो, पित्तनलिकेत उतरलेला खडा देत नाही. आपलं दुखणं या दोहोंपैकी कुठलं, हे घरच्यांना ओळखता यायला हवं. बाकीच्या पायऱ्या त्यावरूनच ठरतात.

आतली रचना, थोडक्यात

यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. त्यातला काही उजव्या बरगडीखालच्या पित्ताशयात साठतो आणि घट्ट होतो. या पिशवीत ३० ते ५० मिलीलिटर मावतं. तेलातुपाचं जेवण आतड्यात उतरलं की पित्ताशय आकसतं आणि रस मुख्य पित्तनलिकेतून लहान आतड्यात जातो. तिथल्या तोंडाशीच स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते. त्या तोंडाशी खडा अडकला तर कावीळ होते आणि स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते.

छातीतली जळजळ, आंबट ढेकर हे जठरातल्या आम्लाचं काम. त्यावरच्या गोळ्यांनी खड्याला काहीही होत नाही.

खडे कुणाला होतात? चाळिशीपुढच्या बायकांना जास्त, बाळंतपणं झालेल्यांना, वजन जास्त असलेल्यांना, मधुमेह असलेल्यांना, घरात आईला-मावशीला झाले असतील तर. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांनाही होतात, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. दिवसेंदिवस पोट रिकामं ठेवलं तर पित्ताशय आकसतच नाही, रस साचून राहतो आणि गाळ धरतो. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन घटवण्याच्या फंदात पडू नये. रक्तपेशी लवकर फुटण्याचे आनुवंशिक आजार असतील, उदाहरणार्थ सिकलसेल, तर लहान मुलांतही खडे सापडतात.

पहिली पायरी : दुखणं नीट ओळखा

खड्याची कळ बहुतेकदा जेवणानंतर किंवा रात्री झोपमोड करून येते. पोटाच्या वरच्या भागात मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली सुरू होते, पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाते, वाढत वाढत एका पातळीवर टिकते आणि अर्ध्या तासापासून काही तासांत ओसरते. मळमळ, उलटी सोबत असते. माणूस एका कुशीवर स्वस्थ पडू शकत नाही. कळ गेली की दुसऱ्या दिवशी काही झालंच नव्हतं असं वाटतं आणि इथेच टाळाटाळ सुरू होते.

कळ सहा तासांपेक्षा जास्त टिकली, ताप आला, उजव्या बरगडीखाली हात लावू देईना, तर पित्ताशयाला सूज आली असं धरून त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखणं पट्ट्यासारखं पाठीत जातं, पुढे वाकून बसल्यावर जरा बरं वाटतं आणि उलट्या थांबत नाहीत, तर स्वादुपिंडाची सूज असू शकते. तिथे सलाईन आणि भरती लागते, घरी उपाय नाही.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. चाळिशीपुढच्या माणसाला, त्यातही मधुमेह किंवा बीपी असलेल्याला, पोटाच्या वरच्या भागात दुखून घाम फुटला, दम लागला, तर आधी ईसीजी काढा. हृदयविकाराचा झटकासुद्धा पोटदुखीचं सोंग घेऊन येतो. ईसीजी व्हायच्या आत 'गॅस आहे' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: कळ कधी आली, आधी काय खाल्लं होतं, किती वेळ टिकली, ताप होता का, थंडी वाजली का, लघवी गडद चहासारखी झाली का, शौचाचा रंग पांढुरका झाला का, अंगाला खाज सुटते का. शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं लोक लाजेने सांगत नाहीत आणि निदानाचा अर्धा भाग त्यांतच असतो. पित्त आतड्यात पोचलं नाही की शौचाचा पिवळा-तपकिरी रंग जातो आणि तेच पित्त रक्तातून लघवीत उतरतं.

दुसरी पायरी : ताप, थंडी, कावीळ एकत्र आली तर थांबू नका

पोटात दुखतंय, थंडी वाजून ताप आहे आणि डोळे पिवळे आहेत, या तीन खुणा एकत्र म्हणजे तुंबलेल्या पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता. त्यात माणूस असंबद्ध बोलायला लागला, सुस्त झाला, रक्तदाब उतरला तर जीव धोक्यात आहे. तिन्ही खुणा एकदम दिसायलाच हव्यात असं नाही. म्हातारी माणसं आणि मधुमेहींमध्ये ताप फारसा चढतही नाही.

अशा वेळी तोंडाने काही देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. चालू औषधांच्या चिठ्ठ्या, मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट, आधार आणि रेशन कार्ड पिशवीत टाका. कणकुंबी-जांबोटीच्या जंगलपट्ट्यातून, पावसाळ्यात तर विशेषच, 'सकाळी बघू' म्हणणं परवडत नाही. वाटेत खानापूरच्या तालुका दवाखान्यात सलाईन आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस मिळाला तर तो घेऊन पुढे जा. त्यासाठी अर्धा तास मोडला तरी तो वाया जात नाही. पण तिथे रात्रभर थांबून राहू नका, कारण नळीतला अडथळा मोकळा झाल्याशिवाय नुसत्या अँटिबायोटिकने हा आजार सुटत नाही.

ड्युटीवरच्या सिस्टर फक्त कन्नड बोलणाऱ्या असतील तर 'होट्टे नोवु' म्हणजे पोटदुखी, 'चळी ज्वर' म्हणजे थंडीताप आणि 'कामाले' म्हणजे कावीळ, एवढ्यावर काम भागतं.

न दुखता चढत जाणारी कावीळ ही वेगळीच गोष्ट. खाज, भूक मेलेली, वजन उतरलेलं आणि वय पन्नाशीपुढचं असेल तर पित्तनलिकेचा, पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याचा कर्करोग नाही ना, हे तपासावंच लागतं. दुखत नाही म्हणून आठवडे जातात, आणि हेच आठवडे मोलाचे असतात.

तिसरी पायरी : तपासण्या आणि रिपोर्ट वाचणं

पोटाची सोनोग्राफी ही पहिली तपासणी. सहा ते आठ तास उपाशी राहून जा. खाऊन गेलात तर पित्ताशय आकसलेलं असतं आणि नीट दिसत नाही. सोबत रक्ताची लिव्हर फंक्शन टेस्ट (यकृताची तपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि दुखणं जोरात असेल तर अमायलेज किंवा लायपेज (स्वादुपिंडाच्या सुजेसाठी).

रिपोर्ट इंग्रजीत येतो आणि घरात कुणी तो वाचत नाही. नुसतं 'स्टोन आहे' एवढंच कानावर येतं. म्हणून एक नमुना घेऊ. समजा लिहिलंय: 'गॉलब्लॅडर डिस्टेंडेड. मल्टिपल कॅल्क्युलाय, लार्जेस्ट १२ एमएम. वॉल थिकनेस २.५ एमएम. नो पेरिकोलेसिस्टिक फ्लुइड. सीबीडी ५ एमएम. नो आयएचबीआरडी.'

डिस्टेंडेड म्हणजे पित्ताशय भरलेलं आहे. उपाशीपोटी ते असंच हवं. कॅल्क्युलाय म्हणजे खडे. १२ एमएम हा आकडा ऐकून लोक हबकतात, पण मोठा खडा म्हणजे जास्त धोका, असं सरळ गणित नाही. बारीक खडे नळीत घसरायला सोपे, म्हणून तेच जास्त उपद्रव करतात. पित्ताशयाची भिंत ३ एमएमपर्यंत ठीक. त्याहून जाड, भोवती पाणी, आणि प्रोब दाबल्यावर नेमकं तिथेच दुखलं तर सूज. 'इम्पॅक्टेड ॲट नेक' म्हणजे खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकलाय. तो सहजी हलत नाही. सीबीडी म्हणजे मुख्य पित्तनलिका: साधारण ६ एमएमपर्यंत नेहमीची, वयाप्रमाणे आणि पित्ताशय काढल्यावर थोडी रुंदावते. आयएचबीआरडी म्हणजे यकृतातल्या बारीक नळ्या फुगलेल्या असणं. ती ओळ 'नो'ने सुरू होत असेल तर चांगलं.

म्हणजे वरचा रिपोर्ट सांगतो की खडे आहेत, सूज नाही, नळी मोकळी दिसते. इथे श्वास घ्यायला वेळ आहे.

सोनोग्राफी पित्ताशयातले खडे फार चांगले पकडते, नळीतले तितके नाही, कारण खालच्या टोकावर आतड्यातली हवा आडवी येते. त्यामुळे रक्तात बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (नळी तुंबल्याची खूण) वाढलंय, नळी फुगलीय, पण खडा दिसत नाही, असं असेल तर एमआरसीपी करतात. ही एमआरआयच्या मशिनवरची नळ्यांची तपासणी, सुया-टाके काही नाही. अंगात पेसमेकर किंवा धातूची पट्टी असेल तर आधी सांगा.

खडे आहेत, पण त्रास काहीच नाही

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे सापडणं हल्ली रोजचंच झालंय. अशांपैकी बहुतेकांना आयुष्यभर त्रास होत नाही. दरवर्षी शंभरातल्या एक ते चार जणांना कळ सुरू होते. म्हणून नुसते खडे दिसले म्हणून ऑपरेशनला घाई करू नये, आणि कुणी घाबरवून तारीख देत असेल तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यावं. अपवाद आहेत: तीन सेंटिमीटरहून मोठा खडा, भिंतीत चुना साठून कडक झालेलं पित्ताशय, आतल्या भिंतीवर वाढलेला एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा कोंब (पॉलिप). यांत कर्करोगाची शक्यता वाढते, म्हणून त्रास नसला तरी काढण्याचा सल्ला देतात.

एकदा कळ येऊन गेली की मात्र चित्र बदलतं. ती पुन्हा येण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा सोयीची तारीख ठरवून ऑपरेशन करून घेणं हे रात्री-अपरात्रीच्या धावपळीपेक्षा केव्हाही बरं.

कुळीथ, तेल-लिंबू आणि काविळीची माळ

यावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडे उशीर बहुतेक इथेच होतो.

कुळथाचा काढा, पानफुटीचा रस, भरपूर पाणी हे उपाय लोक मुतखड्यासाठी करतात आणि त्याच हिशेबाने पित्ताशयाच्या खड्यालाही लावतात. पण मुतखडा लघवीच्या वाटेवर असतो, पित्ताशय त्या वाटेवर नाहीच. कितीही पाणी प्यालात तरी ते तिथून वाहत जात नाही.

रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबूरस पिऊन सकाळी शौचातून हिरवट मऊ गोळे पडल्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. ते गोळे खडे नसतात. प्यालेल्या तेलाचा आतड्यात साबणासारखा गोळा होतो, त्याचेच ते तुकडे. खडे पित्ताशयात जागच्या जागी असतात. वर एवढ्या तेलाने पित्ताशय जोरात आकसून एखादा खडा नळीत सरकायची भीती वेगळीच.

अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी काही खडे विरघळतात हे खरं, पण फक्त बारीक, कोलेस्टेरॉलचे, चुना नसलेले, आणि पित्ताशय आकसत असेल तरच. सहा महिने ते दोन वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्यांना खडे पुन्हा होतात. ऑपरेशन झेपणारच नाही अशा माणसासाठी हा पर्याय.

आता कावीळ. गळ्यात किंवा डोक्यावर माळ घालणं, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी दाखवणं, नाकात देवडांगरीचे थेंब सोडणं, ठरलेल्या वारी पाला देणं हे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत चालतं. पावसाळ्यात दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय माळेला मिळतं. त्या अनुभवावर विश्वास ठेवून घरातला जाणता माणूस खड्याने तुंबलेल्या काविळीलाही तिथेच नेतो. ती मात्र उतरत नाही. ज्येष्ठांशी भांडण करायचं नसेल तर एवढंच म्हणा: 'आबा, माळ घालूया, पण सोनोग्राफी आजच करूया.' नाकातल्या थेंबांना मात्र ठाम नकार द्या. त्याने रक्तस्राव आणि भयंकर जळजळ झालेली माणसं दवाखान्यात येतात.

तान्हं बाळ आणि गरोदर बाई

जन्मल्यावर बाळाला थोडी कावीळ होते आणि जाते. पण चौदा दिवसांनंतरही डोळे पिवळे आहेत, शी पांढरट किंवा मातकट आहे आणि लंगोट पिवळ्याधमक लघवीने डागतोय, तर कोवळ्या उन्हात धरून वाट पाहू नका. बाळाची पित्तनलिकाच बंद असू शकते. बिलिरुबिनची 'डायरेक्ट' तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. यावर कासाई नावाची शस्त्रक्रिया आहे. जपानच्या मोरिओ कासाई यांनी ती १९५९ मध्ये मांडली. बाळ साठ दिवसांचं व्हायच्या आत ती झाली तर यश जास्त, म्हणून बाळंतीण माहेरी असो की सासरी, शीचा रंग बघायची सवय आजीने आणि आशाताईंनी लावून घ्यावी. शंका आली तर मोबाइलवर फोटो काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

गरोदरपणात खडे वाढतात. कळ आली तर सोनोग्राफी निर्धास्त करावी, बाळाला अपाय नाही. ऑपरेशन टाळता येण्यासारखं नसेल तर चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सोयीचा.

चौथी पायरी : कुठे जायचं

बेळगावात सरकारी बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, नेहरूनगरला केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे, खासगी सर्जनही बरेच आहेत. निपाणीला कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट, म्हणून तिकडची माणसं कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा कोल्हापूरच्या खासगी दवाखान्यांत जातात. कागवाड-उगारला मिरज हाकेच्या अंतरावर.

माझं मत असं की अंतरापेक्षा आधी एक प्रश्न विचारावा: 'तुमच्याकडे ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिका मोकळी करणं) होते का, आणि आज होईल का?' नुसते पित्ताशयातले खडे असतील तर दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणारा चांगला जनरल सर्जन पुरे. कावीळ किंवा ताप असेल तर सर्जन आणि पोटविकारतज्ज्ञ दोघेही एकाच छताखाली हवेत. फोनवर हे विचारून निघालात तर एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरण्यात रात्र जात नाही.

खर्चाचं बघताना बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी सहसा आधी सरकारी दवाखान्यात जाऊन रेफरल पत्र घ्यावं लागतं. तातडीच्या आजारात सूट असते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केली आणि त्यावरून दोन्ही सरकारांत वाद झाला. त्या कार्डावर विसंबून निघण्याआधी कोल्हापूर-मिरजेच्या संबंधित रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) फोन करून कोणती कागदपत्रं लागतील ते विचारून घ्या. रुग्ण स्ट्रेचरवर असताना ही चौकशी करायची वेळ येऊ नये.

पाचवी पायरी : ऑपरेशन आणि ईआरसीपी

नुसते खडे काढून पित्ताशय ठेवत नाहीत, कारण खडे पुन्हा होतात. पित्ताशयच काढतात. भारतात दुर्बिणीने हे ऑपरेशन १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केलं. आज ते जिल्ह्याच्या गावी नेहमीचं झालंय. साधारण चार छोटी छिद्रं, पूर्ण भूल, एक-दोन दिवसांत घरी. सूज फार असेल तर मध्येच पोट उघडावं लागतं. तो सर्जनचा कमीपणा नाही, शहाणपण आहे. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर सही करण्याआधी मराठीत वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर स्वतःहून सांगा. मनानेच बंद करू नका.

सूज आलेली असेल तर 'दीड महिन्याने या' असं अनेकदा सांगितलं जातं. रुग्ण धडधाकट असेल तर त्याच भरतीत, पहिल्या काही दिवसांत ऑपरेशन करणं आता जास्त योग्य मानतात. आपल्या रुग्णाबाबत थांबण्याचं कारण काय, हे विनयाने विचारा.

नळीत खडा असेल तर ईआरसीपी: तोंडातून दुर्बीण घालून नळीच्या तोंडाशी छोटा छेद देतात आणि खडा ओढून काढतात. काहींना नंतर स्वादुपिंडाची सूज येते, म्हणून त्या रात्री पोटदुखी वाढली तर लगेच सांगा. नळी मोकळी झाली की कावीळ उतरते आणि घरच्यांना वाटतं, आजार गेला. पित्ताशय अजून खड्यांसकट आत असतं. ते शक्यतो त्याच भरतीत किंवा दोन आठवड्यांत काढून घ्या.

ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस उजवा खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या वायूमुळे. पण पोट फुगत चाललंय, ताप आहे, डोळे पिवळे दिसतात, पोटातून बाहेर काढलेल्या नळीत (ड्रेनमध्ये) हिरवं-पिवळं पाणी येतंय, तर पित्तनलिकेला इजा किंवा गळती असू शकते. क्वचित होतं, पण त्यात दिवस घालवू नका. जेवणात कायमचं पथ्य नाही. पहिले काही आठवडे तेल-तूप बेताचं आणि थोडं थोडं खाणं, मग भाकरी-आमटीपासून यात्रेच्या जेवणापर्यंत हळूहळू सगळं. काहींना तेलकट खाल्ल्यावर पातळ शौचाला होतं, ते बहुतेकांचं कमी होत जातं. चालणं दुसऱ्या दिवसापासून. शेतातली जड ओझी, पाण्याच्या घागरी दोन-तीन आठवडे नकोत. पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर दीड महिना.

खडे बाटलीत घालून घरी आणतात आणि आल्या-गेल्याला दाखवतात. त्याहून महत्त्वाचा असतो बायोप्सीचा रिपोर्ट. काढलेलं पित्ताशय तपासणीला गेलं का, हे डिस्चार्जच्या वेळी विचारा आणि आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट हातात घेऊन सर्जनला दाखवा. क्वचित त्यात लपलेला कर्करोग सापडतो आणि तेव्हाच कळलं तर पुढचा इलाज करता येतो.

ईआरसीपीच्या वेळी पित्तनलिका उघडी राहावी म्हणून आत प्लास्टिकचा स्टेंट (बारीक नळी) ठेवला असेल तर डिस्चार्ज कार्डावर ती ओळ शोधून तिच्याखाली रेघ ओढा. तो साधारण तीन महिन्यांच्या आत काढावा किंवा बदलावा लागतो; विसरला तर तुंबतो आणि तीच थंडी, तोच ताप, तीच कावीळ परत येते. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, मुलाच्या मोबाइलमध्ये टाका, आणि गावी परतण्याआधी पुढची अपॉइंटमेंट दवाखान्यातूनच घेऊन निघा.